संगणक मध्येच बंद पडतो? आधी मोजा, मग उघडा

जवळपास प्रत्येक विभागात एक जुना डेस्कटॉप असतो आणि त्याला कुणीही हलवू देत नाही. तो जुना असूनही टिकून आहे, कारण त्याला एखादं उपकरण जोडलेलं असतं. त्या उपकरणाचं सॉफ्टवेअर फक्त जुन्या विंडोजवर चालतं किंवा त्याचं इंटरफेस कार्ड नव्या मदरबोर्डवर बसतच नाही. त्यामुळे 'नवीन घ्या ना सरळ' हा सल्ला इथे लागू पडत नाही. हा संगणक गेला, तर उपकरण गेलं आणि उपकरण गेलं तर कुणाचा तरी एक सेमिस्टर गेला.

अशा संगणकाची एक ठरलेली तक्रार असते: 'चालू केला की पंधरा-वीस मिनिटं नीट चालतो, मग फट्‌कन बंद होतो.' ऐकणारा लगेच म्हणतो, 'गरम होतोय, पेस्ट बदल.' कधी तो उपाय लागूही पडतो. पण तो अंदाज आहे, निदान नाही. संशोधनाला सुरुवात करताना या दोन गोष्टींमधला फरक हाताला लागावा लागतो, आणि त्यासाठी हा बिघड म्हणजे एक चांगली, स्वस्त प्रयोगशाळा आहे.

एक खुलासा आधीच करते. बोलताना आपण अख्ख्या डब्याला 'सीपीयू' म्हणतो. या लेखात डबा म्हणजे कॅबिनेट, आणि आतली मुख्य चिप म्हणजे प्रोसेसर.

सगळ्यात आधी डेटा

दुरुस्तीच्या आधी डेटाची प्रत बाहेर काढा. अचानक वीज तुटली की त्या क्षणी लिहिली जाणारी फाईल अर्धवट राहू शकते आणि जुन्या हार्ड डिस्कला असे धक्के वारंवार बसणं चांगलं नाही. संगणक थंड असताना चालू करा, दुसरं काहीही उघडू नका, डेटा बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि बंद करा. एका बैठकीत नाही झालं तर दोन-तीन बैठकांत करा. उपकरणाच्या सेटिंगच्या आणि कॅलिब्रेशनच्या फायली विसरू नका. मोजमापं पुन्हा घेता येतात, पण दहा वर्षांपूर्वीची सेटिंग फाईल पुन्हा मिळत नाही.

विभागाचा संगणक असेल तर प्रयोगशाळेच्या प्रमुखांना किंवा तंत्रज्ञांना विचारल्याशिवाय कॅबिनेट उघडू नये. देखभालीचा करार असेल तर तो आधी बघावा.

आत नेमकं काय होतं

प्रोसेसर जितकी वीज घेतो, ती जवळजवळ सगळी उष्णतेत बदलते. ही उष्णता चिपच्या झाकणातून पेस्टमध्ये, पेस्टमधून हीटसिंकमध्ये, हीटसिंकच्या पात्यांतून हवेत, आणि ती गरम हवा कॅबिनेटबाहेर, अशा साखळीने जाते. साखळीतली प्रत्येक कडी थोडा अडथळा करते. विजेच्या मंडलात जसा ओहमचा नियम, तसंच इथे:

तापमानातली वाढ = उष्णतेचा दर × एकूण अडथळा

एक उदाहरण घेऊ. इंटेलचा कोअर आय-५ २४०० हा २०११ सालचा प्रोसेसर अजून बऱ्याच ठिकाणी दिसतो. त्याचा ठरवलेला उष्णता-दर ९५ वॅट आहे. समजा, स्वच्छ हीटसिंक आणि चांगली पेस्ट मिळून अडथळा दर वॅटला ०.४ अंश सेल्सिअस आहे. मग पूर्ण भारावर तापमान खोलीपेक्षा ३८ अंशांनी वर जाईल. खोली २६ अंश असेल तर ६४, आणि नागपुरात मे महिन्यात पंख्याखालची खोली ४० अंश असेल तर ७८. दोन्ही ठीक. आता धुळीमुळे अडथळा ०.६५ झाला असं धरा. वाढ जवळपास ६२ अंश होते. २६ अंशांच्या खोलीत ८८, म्हणजे कसंबसं चालेल. ४० अंशांच्या खोलीत हिशेब १०२ वर जातो, आणि ते प्रोसेसरला सोसत नाही.

'हिवाळ्यात नीट चालत होता, एप्रिलपासून बंद पडायला लागला' याचं कोडं इथे सुटतं. एप्रिलमध्ये नवीन काही बिघडलेलं नसतं. अडथळा हळूहळू वाढत होता, उन्हाळ्याने फक्त उरलेली सवलत काढून घेतली. म्हणून नोंद करताना नुसतं तापमान लिहू नका. खोलीचं तापमान वजा करून 'वाढ' लिहा. नाहीतर एसीच्या खोलीतलं मोजमाप आणि बिनएसीच्या खोलीतलं मोजमाप यांची तुलनाच होणार नाही.

तापमान वाढल्यावर प्रोसेसर दोन पायऱ्यांत स्वतःला वाचवतो. त्याच्या ठरावीक सीमेला (अनेक इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ही १०० अंशांच्या आसपास असते) पोचला की तो आपला वेग कमी करतो, म्हणजे कमी वीज, कमी उष्णता. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्यानेही भागलं नाही आणि तापमान आणखी वर गेलं, तर तो मदरबोर्डला इशारा देतो आणि वीज तत्काळ तोडली जाते. निळा पडदा नाही, संदेश नाही, 'शट डाऊन होत आहे' नाही. म्हणजे हे बंद पडणं हा बिघाड नसून बिघाडापासूनचं संरक्षण आहे. ते कुठल्या सेटिंगने बंद करण्याच्या मागे लागू नये.

'गरम होतोय' हा एक कयास झाला, दुसरे कोणते?

अचानक बंद पडण्याची निदान तीन वेगळी कारणं असू शकतात:

१. प्रोसेसर खरोखरच मर्यादेबाहेर तापतो.
२. एसएमपीएस थकला आहे. वाढलेला भार त्याला पेलवत नाही.
३. वीज बाहेरूनच तुटते: यूपीएसची बॅटरी गेली आहे, सॉकेट सैल आहे, केबल नीट बसलेली नाही.

तिन्हींचं बाह्य लक्षण एकच. म्हणून 'बंद पडतो' या निरीक्षणातून कुठलाच कयास सिद्ध होत नाही. असं निरीक्षण शोधायला हवं की जे एका कयासात दिसेल आणि दुसऱ्यात दिसणार नाही. इथे ते सोपं आहे: बंद पडण्याच्या क्षणी तापमान किती होतं?

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते आणि बरेच जण तिलाच कारण समजतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ते आपल्याला माहीतच आहे. चालू केल्यावर मदरबोर्डने तापमानाबद्दल किंवा पंख्याबद्दल चूक दाखवली, तर तो मात्र खरा पुरावा.

मोजमाप

विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प, लिनक्सवर 'सेन्सर्स' ही कमांड. टास्क मॅनेजर प्रोसेसरचं तापमान दाखवत नाही. उपकरणाच्या संगणकावर काही इन्स्टॉल करायची परवानगी नसेल, तर बायोसमधल्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये तापमान आणि पंख्याचे फेरे दिसतात, फक्त तिथे भार देता येत नाही.

तापमान दर दोन सेकंदांनी फाईलमध्ये लिहिलं जाईल अशी सोय करा. ही नोंद महत्त्वाची, कारण बंद पडल्यावर पडद्यावरचा आकडा जातो, फाईलमधल्या शेवटच्या काही ओळी बहुतेक वेळा राहतात. खबरदारी म्हणून फोनवर पडद्याचा व्हिडिओ लावून ठेवा. तो नक्की राहतो.

मग तीन टप्पे:

पहिला, रिकामा संगणक, दहा मिनिटं. दुसरा, भार. एकदम सगळे कोअर पेटवू नका. आधी एक, मग दोन, मग चार, प्रत्येकी पाच मिनिटं. असं केलं की आलेख कुठे चालला आहे हे बंद पडण्याआधीच कळतं. ९० अंश दिसले की हाताने थांबवा, आपल्याला माहिती हवी आहे, धक्का नको. तिसरा, भार काढल्यावर तापमान किती वेळात खाली येतं.

आता आलेखाचा आकडा नव्हे, आकार बघा. सगळ्यात जास्त माहिती इथे आहे.

भार देताच दोन-चार सेकंदांत तापमान ९०च्या पार उडी मारतं आणि भार काढताच तितक्याच झपाट्याने कोसळतं, असं दिसलं तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचतच नाही. चिप इवलीशी असते, तिला तापायला वेळ लागत नाही. दोष चिप आणि हीटसिंक यांच्या मधल्या जागेत: पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक एका बाजूने उचलला गेला आहे.

तापमान आधी ६०-६५ला स्थिरावल्यासारखं वाटतं आणि मग दहा-पंधरा मिनिटं हळूहळू चढत राहतं, उतरतानाही रेंगाळतं, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचते आहे, पण तिथून हवेत जात नाही. धातूचा मोठा गोळा हळू तापतो, हळू निवतो. दोष पात्यांतल्या धुळीत किंवा पंख्यात.

याचा पडताळा हाताने घेता येतो. बंद पडल्याबरोबर प्लग काढा, झाकण उघडा आणि हीटसिंकच्या कडेला बोटाची पाठ हलकेच लावून बघा. नोंदीत ९५ अंश आणि हीटसिंक जेमतेम कोमट? मग मधली पेस्ट किंवा पकड. हीटसिंक चटका देण्याइतका गरम? मग हवा.

तिसरी चाचणी: कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच भार द्या. वाढ आठ-दहा अंशांनी कमी झाली तर प्रोसेसरचा कूलर ठीक आहे, कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाही. मागचा पंखा बंद असेल, किंवा डबा टेबलाच्या बंद कप्प्यात भिंतीला चिकटून असेल. जागा बदलली की काम झालं, एक पैसाही न खर्चता.

आणि ६० अंशांनाच बंद पडला तर? मग पेस्ट बदलून काहीही होणार नाही. आमच्या विभागात शेजारशेजारच्या दोन संगणकांची तक्रार शब्दशः सारखी होती. एकाच्या नोंदीत शेवटची ओळ ९८ अंशांची, दुसऱ्याच्या नोंदीत ६१ची. पहिला धूळ काढून सुधारला. दुसऱ्याचा एसएमपीएस बदलावा लागला. दोघांनाही 'पेस्ट बदल' हाच सल्ला मिळाला होता.

दुरुस्ती: स्वस्त आणि उलट फिरवता येणारं आधी

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर तोच भार, तेवढाच वेळ देऊन पुन्हा मोजा. धूळ, पेस्ट, पंखा सगळं एकाच दुपारी केलं तर संगणक कदाचित सुधारेल, पण का सुधारला हे कळणार नाही. सहा महिन्यांनी तोच त्रास परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

धूळ: प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्या, उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थितिक वीज काढा. मऊ ब्रश आणि ब्लोअर वापरा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने तो मर्यादेबाहेर गरगरला तर बेअरिंग खराब होतं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर थेट बोर्डावर नको, त्यात स्थितिक वीज तयार होते. धूळ बहुतेक वेळा वरून दिसत नाही. पंखा आणि पाती यांच्या मध्ये तिची गोधडी तयार झालेली असते, त्यामुळे पंखा सोडवून बघावा लागतो.

पंखा: हाताने फिरवून बघा. अडखळतो किंवा खरखरतो तर बदला. नुसता फिरतो म्हणून ठीक आहे असं नाही; मॉनिटरमध्ये त्याचे फेरे बघा, भार वाढल्यावर ते वाढतात का तेही. बायोसमध्ये पंखा 'सायलेंट'वर ठेवलेला असेल तर तेही कारण असू शकतं.

पकड: इंटेलचे त्या काळातले मूळ कूलर प्लास्टिकच्या चार खुंट्यांवर बसतात. संगणक हलवताना एखादी खुंटी सुटते आणि हीटसिंक एका कोपऱ्यातून किंचित उचलला जातो. वरून सगळं जागेवर वाटतं. चारही खुंट्या हलवून बघा. खुंटीवरच्या बाणाच्या दिशेने फिरवलं की ती सुटते, एवढं लक्षात ठेवा.

पेस्ट: हीटसिंक काढला तर पेस्ट बदलावीच लागते, जुनीवर परत बसवू नये. मुळात पेस्ट कशाला? दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म खाचा असतात आणि त्यांत हवा अडकते. हवेची उष्णता-वाहकता मीटर-अंशाला सुमारे ०.०२६ वॅट, तांब्याची सुमारे ४००. पेस्टची या दोहोंच्या मधली, काही वॅटची. म्हणजे ती हवेपेक्षा शंभरपट बरी, पण तांब्यापेक्षा कितीतरी वाईट. म्हणून तिचं काम फक्त खाचा भरण्याचं. जाड थर दिला तर तीच अडथळा बनते. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा, मधोमध मोठ्या मसुराएवढा थेंब ठेवा, हीटसिंक सरळ दाबून बसवा. एएमडीच्या जुन्या प्रोसेसरमध्ये सरळ वर ओढू नका: वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच सॉकेटमधून निघून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. आधी थोडा वेळ चालवून कोमट करा, बंद करून प्लग काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा.

तापमान ठीक असेल तर

आधी यूपीएस बाजूला करून थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा. बंद पडणं थांबलं तर दोष यूपीएसमध्ये. मग केबल आणि सॉकेट बदलून बघा. तरीही तेच, तर दुसऱ्या चालू संगणकातला तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेचा एसएमपीएस तात्पुरता लावून बघणं हीच खरी चाचणी. एसएमपीएस उघडू मात्र नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहू शकतो. मदरबोर्डवरचे नळकांड्यासारखे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा गळलेले दिसले तर तेही कारण असू शकतं. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांमध्ये हा दोष खूप आढळला होता.

सुटे भाग येईपर्यंत

विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के करा. त्याने टर्बो वेग बंद होतो आणि उष्णता कमी होते. मोठी गणितं पहाटे लावा, चार कोअरऐवजी दोन वापरा, आणि आपल्या प्रोग्रामला दर काही मिनिटांनी आतापर्यंतचं उत्तर फाईलमध्ये लिहायला लावा. हा शेवटचा उपाय संगणक सुधारल्यावरही चालू ठेवावा, कारण वीज तर कधीही जाते.

न बंद पडणारा संगणक जास्त घातक

बंद पडणारा संगणक निदान ओरडून सांगतो. थ्रॉटलिंगवर चालणारा गप्प राहतो. समजा तुम्ही दोन अल्गोरिदमची तुलना करताय, आधी पहिला चालवला, मग दुसरा. पहिल्याच्या वेळी संगणक थंड होता, दुसऱ्याच्या वेळी तापून वेग कमी झालेला. दुसरा 'हळू' ठरतो आणि हा निष्कर्ष प्रबंधात जातो, तोही नेटक्या तक्त्यात. पंधरा वर्षांच्या संगणकावर वेळ मोजायची असेल तर क्रम आलटून पालटून चालवा आणि वेळेबरोबर प्रोसेसरचा वेग आणि तापमानही नोंदवा.

दुसरी गप्प चूक तारखेची. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, बहुधा सीआर २०३२, संपलेली असेल तर सफाईसाठी प्लग काढताच घड्याळ जुन्या तारखेवर जातं. मग उपकरणाच्या प्रत्येक फाईलवर चुकीची तारीख पडते. झाकण लावल्यावर पहिली गोष्ट तारीख तपासा.

वहीत काय लिहायचं

तारीख, खोलीचं तापमान, भार कोणता आणि किती वेळ, रिकामं असताना आणि भारावर प्रोसेसरचं तापमान, खोलीपेक्षा वाढ, पंख्याचे फेरे, काय बदललं, बदलानंतरची वाढ. आठ रकाने. शेवटी एक ओळ: 'आधी काय वाटलं होतं आणि मोजमापाने काय दाखवलं.' हा कागद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या एप्रिलमध्ये तो उघडणारा विद्यार्थी कदाचित दुसराच असेल. त्याला तुमची आधीची वाढ ३८ अंश होती एवढं कळलं, तरी त्याचं अर्धं काम झालेलं असेल.